गोष्टीचे पुस्तक आमच्या डोंगरात कसे आले

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, आरोग्यावर दोन शब्द असतात, एखादी कविताही असते. या वर्षी मी थोडा निराळा विषय घेण्याचे योजिले आहे. विषय तसा लहान मुलांचा आहे; परंतु त्याचा बराचसा इतिहास बायकांनी घडविलेला असल्यामुळे तो या पानांवर शोभून दिसेल, अशी माझी समजूत आहे. सूर्यमाळ-खोडाळ्याच्या, एकंदर जव्हार-मोखाड्याच्या आपल्या मुलखात प्राथमिक शाळेतील मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक, रंग आणि मातीचा गोळा कसा आला, आणि तो अजून कोठे यावयाचा राहिला आहे, तेवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळा आली तेव्हा गोष्ट आली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. आपल्या डोंगरात गोष्ट फार जुनी आहे. मोखाड्याचा आणि जव्हारचा बोहाडा आठवा. देवादिकांचे, राक्षसांचे, पशूंचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात आणि आयांच्या मांडीवर बसलेली पोरे डोळे न मिटता रामायण-महाभारत पाहतात. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला जातो तो सवाशिणींच्या हातून. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवी काढल्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. धान्याच्या देवीची, कणसरीची कथा तोंडातोंडी चालत आली आहे. पोकळ भोपळ्याचा तारपा करावा कसा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेले नाही. म्हणजे सूर्यमाळच्या पठारावरचे मूल शाळेत आले ते रिकामे आले नव्हते. त्याच्या गाठी चित्र होते, नाच होता, गोष्ट होती. नव्हते ते पुस्तक.

छापील मराठी पुस्तक मात्र आपल्याकडे यावयास फार वर्षे लागली. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या नीतिकथा आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणले. त्यांना आपल्या मुलांच्या वाङ्मयाचे आद्य लेखक म्हणण्यास हरकत नाही. पुढे १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक काढले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ निघाले आणि त्याने पुण्या-मुंबईच्या घराघरांत पिढ्यान्‌ पिढ्या मुलांना वाचनाची गोडी लावली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. नाशिक आपल्याला काय दूर? मोखाड्याहून त्र्यंबकच्या वाटेने घाट चढले की नाशिक. परंतु ज्या पुस्तकाने उभ्या महाराष्ट्राला रडविले, ते हा घाट उतरून आपल्या पाड्यांवर त्या काळी पोचले नाही. कसे पोचावे? येथे शाळा तुरळक होत्या, आणि होत्या त्यांत आदिवासींची मुले जवळजवळ नव्हतीच.

का नव्हती, याचे उत्तर इतिहासात आहे. जव्हार हे मुकणे राजघराण्याचे संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. (आपला पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) संस्थानाच्या भोवतालच्या डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वेठबिगार होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारी लग्नगडी होती. अशा घरातले सहा वर्षांचे मूल शाळेत जाणार की सावकाराची गुरे राखणार? १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारली शेतकऱ्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे त्या लढ्याचे पुढारी. त्याची हकीकत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्यांना राजकारण आवडत नाही त्यांनीही ते पुस्तक वाचावे, कारण मुलाच्या हातून काठी काढून घेतल्यावाचून त्याच्या हातात पुस्तक देता येत नाही, ही गोष्ट त्यातून स्वच्छ कळते.

योगायोग असा, की त्याच १९४५ साली, त्याच जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी आणखी एक काम सुरू झाले. त्याचा गाजावाजा झाला नाही. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. मुंबई विद्यापीठाच्या त्या पदवीधर. राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख म्हणून मानाची नोकरी करीत होत्या. ती सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. गिजुभाई मूळचे वकील. परंतु मुलांच्या शिक्षणाने त्यांना असे ओढून घेतले की लोक त्यांना ‘मुछाळी माँ’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ आपल्यापैकी ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. त्यातला शिक्षक चौथीच्या एका वर्गावर वर्षभर प्रयोग करण्याची परवानगी मागतो आणि धडे न देता गोष्टी सांगू लागतो. इतर शिक्षक हसतात. परंतु गोष्टीसाठी मुले गप्प बसतात, गोष्टीसाठी वेळेवर येतात, आणि शेवटी गोष्ट हवी म्हणून वाचावयास शिकतात. प्राथमिक शाळेत गोष्टीला मानाचे पान मिळाले ते येथून, असे मला वाटते. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाईंनी दादरला १९३६ साली शिशुविहार उभारले, आणि मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालविली.

आता पाहा, दादरची शाळा उत्तम चालली होती. नाव झाले होते. अशा वेळी वयाच्या ५३ व्या वर्षी कोणी खेड्यात जाऊन नवा डाव मांडील काय? ताराबाईंनी मांडला. मॉन्टेसरीबाईंची साधने सुंदर, परंतु महाग. खेड्यातल्या गरीब मुलाला ती कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांच्या मदतीस आल्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या. लहानपणीच लग्न आणि लगेच वैधव्य. तरी शिकून पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. बोर्डीला आल्या त्या ३५ वर्षांच्या होत्या. दोघींच्या वयात १८ वर्षांचे अंतर, परंतु पुढची सारी हयात दोघींनी एका कामात घातली.

बोर्डीत पहिलाच अनुभव असा आला की बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. बाईमाणसांना सांगावयास नको की याला कारणे असतात. आई कामाला जाते, धाकटे कडेवर असते, अंगावर धड कपडा नसतो, आणि आपल्याला तेथे कोणी बसू देईल की नाही ही भीती असते. ताराबाईंनी ठरविले, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. मग वस्तीतल्याच अंगणात बालवाडी भरू लागली. तिला ‘अंगण बालवाडी’ म्हणत. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. त्या नावाचे आणि कल्पनेचे मूळ बोर्डीच्या अंगणात आहे, असे मानले जाते. आपल्या मंडळातील ज्या भगिनी अंगणवाडीत काम करतात, त्यांनी ही वंशावळ अभिमानाने सांगावी.

दहा-बारा वर्षांनी हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, आणि त्याचे नाव विकासवाडी. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत येईना, तर भावंडासकट तिला या म्हणावयाचे. धाकटे पाळण्यात, थोरली वर्गात. गुरे राखणारी मुले येईनात, तर गुरे चरतात त्या कुरणावरच शाळा भरवावयाची. ही ‘कुरणशाळा’. गुरे चरत आहेत, एक डोळा गुरांवर आहे, आणि झाडाखाली गोष्ट चालली आहे, गाणे चालले आहे, दगड मांडून हिशेब चालला आहे. साधने कोणती? खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या, माती. मला या साधनांचे कौतुक एवढ्यासाठी वाटते, की त्यांनी मुलाला असे सांगितले, ‘तुझ्या रानात जे आहे तेच विद्येचे सामान आहे.’ शहरातून रंगीत खेळणी आणली असती तर मुले हरखली असती, पण आपले रान म्हणजे अडाण्यांचे, असेच शिकली असती.

अनुताईंनी हे अनुभव लिहून ठेवले. ‘कुरणशाळा’, ‘बालवाडी कशी चालवावी’, आणि त्यांचे आत्मचरित्र ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ही पुस्तके आजही शिक्षिकेने उशाशी ठेवावीत अशी आहेत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्याही गेल्या. कोसबाड डहाणूकडे आणि आपण सह्याद्रीच्या कडेला. परंतु पाडा तोच, नागली-वरईची भाकर तीच, आणि मुलांच्या अडचणीही त्याच. म्हणून कोसबाडचा इतिहास हा आपलाच इतिहास मी समजते.

याच मुलखातील आणखी एका मुलाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हशे यांची आई ते लहान असतानाच वारली. त्यानंतर पुष्कळ दिवस ते कोणाशी बोलत नसत, धुळीत चित्रे काढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. चौक लिहिणे हे बायकांचे काम. या पुरुषाने ते हाती घेतले. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंताच्या नजरेस ही चित्रे आली आणि वारली चित्र जगभर गेले. म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. मुका झालेला तो मुलगा एखाद्या वर्गात बसला असता, तर मास्तरांनी त्याला मंद ठरविले असते की त्याच्यापुढे कागद ठेवला असता? प्राथमिक शाळेत मुलाच्या निर्मितीला जागा हवी असे आपण म्हणतो, तेव्हा एवढेच म्हणत असतो. सगळी मुले चित्रकार होणार नाहीत. परंतु ज्याला तोंडाने सांगता येत नाही त्याला हाताने सांगण्याची वाट मोकळी असावी.

पुस्तकांच्या बाजूने काय घडले, तेही थोडक्यात सांगते. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तिने ‘किशोर’ मासिक सुरू केले. माफक किमतीत उत्तम लेखक आणि उत्तम चित्रकार खेड्यापाड्यांतील मुलांना मिळाले. अलीकडे ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर आणि मोबाइलवर विनामूल्य वाचावयास ठेवले आहेत, ज्यांच्या घरी तशी सोय असेल त्यांनी मुलांना ते जरूर दाखवावेत. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने स्वतः लिहून, स्वतः चित्रे काढून लहान मुलांचे घर, शेजार, रुसवे-फुगवे पुस्तकात आणले. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून आपल्या राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळतात. जगात २ एप्रिलला, परीकथा लिहिणाऱ्या अँडरसनच्या जन्मदिवशी, मुलांच्या पुस्तकांचा दिवस साजरा होतो.

आपल्या तालुक्यांत मात्र या आनंदाच्या वार्तेला दुःखाची किनार आहे. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हळहळला. त्या वेळी, आणि नंतरही, कित्येकांनी विचारले की जेथे मुलाच्या पोटात अन्न नाही तेथे गोष्टीची पुस्तके काय करावयाची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोसबाडने आधीच देऊन ठेवले होते. तेथे मूल आले की आधी त्याची आंघोळ, मग खाऊ, मग गाणे आणि गोष्ट. एकाच सकाळी, एकाच बाईच्या हातून. भूक आणि गोष्ट यांत भांडण लावण्याचे कारण नाही. ज्या मुलाला आपण माणूस म्हणून वागवितो त्याला दोन्ही द्यावी लागतात.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी सरली, भात-नागली घरात आली की पाड्यांना कुलपे लागू लागतात. माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले त्यांच्यामागे जातात. पुस्तक गावच्या शाळेत राहते आणि मूल भट्टीवर. विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ भरविल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव. कुरणशाळेचीच ही धाकटी बहीण.

तिसरी अडचण भाषेची. घरात वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी बोली आणि पुस्तकात पुण्याची मराठी. पहिलीतले मूल गप्प बसते ते बुद्धी नाही म्हणून नव्हे. बाई काय बोलतात ते त्याला कळत नाही म्हणून. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पण आजीने बोलीत सांगितलेली गोष्ट शाळेत चालते, हे मुलाला धोरणाच्या कागदावरून कळणार नाही, ते शिक्षिकेच्या तोंडूनच कळेल.

कोसबाडचा वारसा पुढे नेणारी माणसेही आपल्याच परिसरात आहेत. रमेश पानसे यांनी अनुताईंच्या सहवासात १९८२ साली ‘ग्राममंगल’ सुरू केली आणि डहाणू तालुक्यात ऐने येथे मुलांना हाताने करून शिकविणारी शाळा चालविली. तेथे काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ साली ‘क्वेस्ट’ ही संस्था काढली. तिचे काम वाडा तालुक्यातील सोनाळे येथून चालते. क्वेस्टचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी सांगावयास नको. तरुण नट मुलांच्या पुस्तकातील गोष्टी घेऊन आश्रमशाळांतून जातात, थोड्याशा सामानावर गोष्ट नाचून-गाऊन उभी करतात, आणि मग तीच पुस्तके घेऊन मुलांबरोबर बसतात. गोष्ट पाहिलेली असते, म्हणून मूल पुस्तक उघडते. मला तर हा बोहाड्याचाच वंश वाटतो. फरक इतकाच, की सोंग संपल्यावर मुलाच्या हाती पुस्तक उरते.

हे सारे वाचून आपण खूष होऊन बसावे, यासाठी मी लिहिलेले नाही. एका शाळेत (नाव कशाला सांगू?) मी पुस्तकांचे कपाट पाहिले. सुंदर पुस्तके होती. कपाटाला कुलूप होते आणि पुस्तकांची पाने कोरी करकरीत. चौकशी करता कळले की पुस्तक फाटले किंवा हरवले तर जाब कोण देणार, या धास्तीने ते उघडतच नाहीत. या धास्तीला मी हसत नाही. नोंदवहीचा धाक नोकरीतल्या माणसाला असतोच. परंतु त्या कुलपाची किंमत मोजतो कोण? ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही ते मूल.

येथे आपल्या मंडळाचे काम सुरू होते. कायदा आपल्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच कायद्याने सरकारी शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणी त्या समितीवर आहेत किंवा होऊ शकतात. सभेत नुसती सही करून येऊ नये. पुस्तके किती आहेत, मुलांनी या महिन्यात किती नेली, एवढे दोन प्रश्न दर सभेत विचारावेत. फाटलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षिकेला दोष न देण्याचा ठरावही समितीने करावा. फाटलेले पुस्तक म्हणजे वाचलेले पुस्तक. आपल्याला गोधडी शिवता येते, तर पुस्तक का शिवता येऊ नये? महिन्यातून एक दुपार मंडळाच्या भगिनींनी शाळेत बसून पुस्तकांना सुई-दोरा आणि खळ लावावी.

शिवाय आठवड्यातून एक तास पाड्यावरच्या एखाद्या आजीला शाळेत बोलवावे. तिने आपल्या बोलीत गोष्ट सांगावी, मुलांनी ती ऐकून चित्रे काढावीत, मोठ्या मुलांनी लिहून काढावी, आणि ते कागद शिवून शाळेच्याच कपाटात पुस्तक म्हणून ठेवावेत. छत्र्यांनी इसाप मराठीत आणला त्याला जवळजवळ २०० वर्षे झाली. आपल्या कणसरीची कथा आपल्या मुलांच्या अक्षरांत यावयास आणखी किती वर्षे थांबावयाचे? आणि दिवाळीनंतर जे मूल भट्टीवर निघेल, त्याच्या गाठोड्यात एक पुस्तक बांधून द्यावे. परत येईल की नाही, याचा हिशेब मांडू नये.

ताराबाई आणि अनुताई यांच्या नावे हार घालण्यास खर्च थोडा येतो. त्यांचे काम पुढे चालविण्यासही फारसा खर्च येत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत आपल्या गावच्या शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप निघावे, एवढाच संकल्प मंडळाने या वर्षी करावा, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.